मायक्रो म्हणजे नेमकं केवढं?

शनिवारपेठी (धागाकर्ता)

मायक्रो हा उपसर्ग इंग्रजीनं ग्रीकमधून उचलला, मूळ शब्दाचा अर्थ लहान, एवढं शाळेत सांगतात आणि तिथंच थांबतात. माझं डोकं त्याच्या पुढे अडकलंय. शब्दाला मायक्रो लागला की काहीतरी लहान असणार, हे कबूल. पण काय लहान, ते दर शब्दाला बदलतं. मायक्रोचिप स्वतःच लहान असते. मायक्रोस्कोप चांगला हातभर असतो, लहान असतं ते त्याच्या भिंगाखालचं. मायक्रोसेकंदाचा हिशोब पक्का, सेकंदाचा दहा लाखावा भाग, तिथं घासाघीस नाही. आणि मायक्रोवेव्ह? ओव्हनमधल्या लहरीची लांबी काढली तर १२ सेंटीमीटरच्या आसपास भरते. १२ सेंटीमीटरला सूक्ष्म म्हणणारा माणूस मला भेटायचाय.

माझं मत असं, की मोजमापाची एककं सोडली तर हा उपसर्ग मापाचा नाहीच. 'आधी जे होतं त्यापेक्षा लहान' एवढंच तो सांगतो. आपापल्या कामधंद्यातले मायक्रोवाले शब्द टाका आणि त्यात लहान काय, तेही सांगा. नॅनो, मिनी आले तरी हरकत नाही. शब्दकोशातली यादी उचलून चिकटवू नये. (ही विनंती नसून पाटी आहे.)

चकली_मोडली

मायक्रो म्हणजे ज्यात ठेवली की कालची पोळी वातड होते ते. आमच्याकडे 'वेव्ह' आणि 'ओव्हन' दोन्ही कधीच गळाले. 'भाजी मायक्रोला लाव' एवढंच.

लहरी_माणूस

१२ सेंटीमीटरचं उत्तर तुमच्याच दुसऱ्या परिच्छेदात आहे. हे नाव पडलं तेव्हा रेडिओच्या जगात लांबलचक लहरींचं राज्य होतं. आकाशवाणी पुणे मीडियम वेव्हवर ७९२ किलोहर्ट्झला लागतं, त्या लहरीची लांबी काढा. जवळपास ३७९ मीटर! तिच्या शेजारी १२ सेंटीमीटर उभे करा, मग कळेल सूक्ष्म कोण म्हणालं ते. ढोबळमानानं १ मीटरपासून १ मिलिमीटरपर्यंतच्या लहरींना मायक्रोवेव्ह म्हणतात. मीटरच्या दहा लाखाव्या भागाशी त्यांचं काही देणंघेणं नाही.

गंमत म्हणजे आपल्या नारायणगावजवळ खोडदला जी रेडिओ दुर्बीण आहे, जीएमआरटी, तिच्या नावात 'मीटरवेव्ह' आहे. ३० अँटेना, एकेकीचा व्यास ४५ मीटर. लहर लांब असल्यामुळे तबकडीला अखंड पत्रा लागत नाही, बारीक तारांची जाळी पुरते. वजन कमी, वारा आरपार. ओव्हनच्या दारात जी भोकाभोकांची जाळी असते ना, तिचंही तत्त्व हेच. भोकं मिलिमीटरभर, लहर १२ सेंटीमीटरची, त्यामुळे ती बाहेर येत नाही. प्रकाशाची लहर मायक्रोमीटरपेक्षाही आखूड, ती येते, म्हणून आत गोल फिरणारी वाटी आपल्याला दिसते.

चकली_मोडली

म्हणजे खोडदला ४५ मीटरची चाळण आहे. आता सहल काढायलाच हवी.

भोसरी_नाईटशिफ्ट

आमच्या मशीन शॉपवर मायक्रोमीटर हे मोजायचं हत्यार आणि मायक्रॉन हे माप, मीटरचा दहा लाखावा भाग. मायक्रॉन हे नाव आंतरराष्ट्रीय एककांतून १९६७ सालीच काढून टाकलं, अधिकृत शब्द मायक्रोमीटर. पण 'दहा मायक्रोमीटर उडवला' असं म्हणणारा ऑपरेटर मला अजून दिसायचाय. जुने लोक अजून थाऊत बोलतात. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, साधारण २५ मायक्रॉन.

लहान किती, ते सांगतो. ग्राइंडिंगवरनं उतरलेला जॉब (म्हणजे घडवलेला भाग) गरम असतो. नवीन पोरगा घाईनं तसाच मायक्रोमीटरमध्ये धरतो, माप बरोबर आलं म्हणून खूश होतो. १०० मिलिमीटरचा पोलादी जॉब ५ अंशांनी तापला तर सहाएक मायक्रॉन वाढलेला असतो. गार झाल्यावर तोच जॉब अंडरसाइज. म्हणून मापनाचं प्रमाण तापमान २० अंश ठरवलंय आणि म्हणून आमच्या इन्स्पेक्शन रूमला एसी आहे. माणसांसाठी नाही, गेजांसाठी. मे महिन्यात तिथं काही ना काही काम काढून जाणारे बरेच असतात.

रंधा

मायक्रॉन-बियक्रॉन तुमच्याकडे. सुताराकडे सूत. इंचाचा आठवा भाग. 'दोन सूत कमी पडली फळी' यापेक्षा बारीक भांडण आमच्याकडे होत नाही.

गुंजभर

सराफीत काम केलंय. एक तोळा म्हणजे ९६ गुंजा, म्हणजे गुंज भरते १२० मिलिग्रॅमच्या थोडी वर. लक्ष्मी रस्त्यावर आता सगळं ग्रॅममध्ये चालतं, पण आजी अंगठी हातात घेऊन 'किती गुंजा?' विचारते, तेव्हा काउंटरवरचा मुलगा मोबाइल काढतो.

सदाशिवीण

विषयावर या लोकहो. मायक्रो.

नमुना_नंबर_१७

पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, तेव्हा मी येतेच. तुमच्या घरात आत्ता कुणाचा तरी रक्ताचा रिपोर्ट पडलेला असेल. तो काढा. एका पानावर सगळी पिलावळ सापडते.

दर पावसाळ्यात डेंगीच्या नावानं पुण्यात जो आकडा घरोघर फिरतो, 'प्लेटलेट दीड लाख', तो कशातला? एका मायक्रोलिटर रक्तातला. मायक्रोलिटर म्हणजे एक घन मिलिमीटर, टाचणीच्या डोक्याएवढं रक्त. आकडा सगळे विचारतात, कशातला ते कुणीच विचारत नाही.

खाली जा. ड जीवनसत्त्व नॅनोग्रॅममध्ये, बी-१२ पिकोग्रॅममध्ये (मायक्रो, नॅनो, पिको, दर पायरीला हजारावा भाग). थायरॉइडचं टीएसएच, तिथं परत मायक्रो. आणि एमसीव्हीसमोर 'एफएल' दिसेल, तो फेमटोलिटर. एका तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान, निरोगी माणसात ८० ते १०० फेमटोलिटर. ते कमी आलं की शेऱ्यात 'मायक्रोसायटिक' लिहितात, म्हणजे पेशी नेहमीपेक्षा लहान. बहुतेकदा लोह कमी असल्याची खूण, पण थॅलसेमियाच्या वाहकांतही असंच येतं, तेव्हा रिपोर्ट बघून आपल्या मनानं लोहाच्या गोळ्या सुरू करू नका. धागाकर्ते, तुमचा मुद्दा इथं मस्त बसतो. मायक्रोसायटिक पेशी मायक्रोलिटरची नसते, ती शेजारणीपेक्षा लहान असते इतकंच.

शनिवारपेठी (धागाकर्ता)

हे भारी आहे. फेमटो कुठून आला पण? ग्रीक वाटत नाही.

नमुना_नंबर_१७

डॅनिशमधून. 'फेमटेन' म्हणजे पंधरा. एकावर पंधरा शून्यं इतके भाग केले तर एक भाग तो फेमटो. त्याच्या खालचा अट्टोही तसाच, 'अटेन' म्हणजे अठरा. दोन्ही १९६४ साली आले. नॅनो ग्रीक, खुजा माणूस या अर्थाचा.

गोळी_विसरले

ताई, आईच्या थायरॉइडच्या गोळीवर ५० एमसीजी लिहिलेलं असतं. मायक्रोला तो शेपटीवाला ग्रीक म्यू असताना इथं एमसी का?

केमिस्ट_कोथरूड

मी सांगतो. हातानं घाईत लिहिलेला म्यू हा एम वाचला जातो. मायक्रोग्रॅमचं मिलिग्रॅम झालं की डोस हजारपट. म्हणून औषधाच्या चिठ्ठीवर म्यू टाळावा असा दंडक आहे.

अजून एक. हाडं दुखतात म्हणून आठवड्याला एक 'साठ हजारवाली' पुडी दुधातून घेतात ना, त्या साठ हजारला लोक दबकतात. ती आंतरराष्ट्रीय एककं. ड जीवनसत्त्वाची ४० एककं म्हणजे १ मायक्रोग्रॅम. करा भागाकार. १५०० मायक्रोग्रॅम, म्हणजे दीड मिलिग्रॅम. बाकीची पुडी भरताड. पण दीड मिलिग्रॅम ऐकून 'मग रोज एक घेऊ' असं करू नका, साठत जातं ते अंगात. तसं करणारे येतात दुकानात.

अर्धा_चहा

तपकीर गल्लीतला (पुण्यातला इलेक्ट्रिक सामानाचा बाजार) अनुभव वेगळा. पंख्याच्या कंडेन्सरवर 'एमएफडी' लिहिलेलं असतं. तिथला एम म्हणजे मिलीही नाही, मेगाही नाही, मायक्रो! पूर्ण नाव मायक्रोफॅरड. जुन्या रेडिओच्या कंडेन्सरवर 'एमएमएफ' असायचं, मायक्रोचा मायक्रो, म्हणजे आजचा पिको. टंकयंत्रावर म्यू नव्हता, म्हणून एम ठोकला, तो चिकटला.

केमिस्ट_कोथरूड

पंखा हजारपट फिरला तर घर उडेल. आमच्याकडे माणूस जातो.

अंजीरवाडी

पुरंदरवरून. आमच्याकडे 'मायक्रो टाकलं का?' याचा अर्थ सूक्ष्म अन्नद्रव्यं दिली का. झिंक, फेरस, बोरॉन वगैरे. ह्यात लहान काय? कण नाही, गरज लहान. नत्र, स्फुरद, पालाश एकरी किलोंनी लागतं, बोरॉन चिमटीनं. पण ती चिमट नसली की झाड दाखवतं. कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्यागार, जाळी काढल्यागत दिसलं की लोह कमी. जुन्या पानांपासून पिवळं पडत वर आलं तर नत्र. दुकानदार दोन्हीला एकच बाटली देतो हा भाग वेगळा.

आणि सरकारी कागदावर 'सूक्ष्म सिंचन' असतं. गावात विचारा, कुणी म्हणणार नाही. ठिबक. अनुदानाचा अर्ज भरताना तेवढं सूक्ष्म लिहायचं.

लघुत्तम

मराठीत लघु-उपसर्गाचे शब्द काढा म्हटलं की पहिला आठवतो लघुशंका. आता 'सूक्ष्मशंका' कुणाला असेल तर विचारा.

सदाशिवीण

आलाच का. वाटच बघत होते.

बोलीबाई

थोडं गंभीर. इंग्रजीला लहान दाखवायला पुढे काहीतरी चिकटवावं लागतं. मराठी लिंग बदलते आणि मोकळी होते. डबा-डबी, लोटा-लोटी, सुरा-सुरी, हातोडा-हातोडी, दोरा-दोरी, पळा-पळी. कुठला मायक्रो नाही की नॅनो नाही.

रंधा

दोरा-दोरी उलटं आहे हो. दोऱ्यानं बटण शिवतात, दोरीवर कपडे वाळतात.

बोलीबाई

बरोबर, ती जोडी वगळा. गाडा-गाडीही आता उलटलीय. बाकीच्या ठाम आहेत.

चकली_मोडली

म्हणजे आम्ही बायका म्हणजे मायक्रो बाप्ये का? निषेध. हंड्यापेक्षा हंडी लहान, पण बघायला गर्दी कुठल्या जोडीदाराला होते ते दहीहंडीला बघा.

पाठटाचण

बी.एड. केलेले इथं कुणी आहेत का? सूक्ष्म अध्यापन! वर्गात पाच-सहा मिनिटं, समोर विद्यार्थी म्हणून आपलेच वर्गमित्र, आणि कौशल्य एकच: फळालेखन म्हणजे फळालेखन, प्रश्न विचारणे म्हणजे फक्त प्रश्न. ही पद्धत १९६० च्या दशकात स्टॅनफर्डला निघाली. इथं वेळही लहान, वर्गही लहान, मुद्दाही लहान. फक्त विद्यार्थी तीस-पस्तीस वर्षांचे, आणि 'बाई, मला आठवीतलं हे समजलं नाही' असं म्हणत मुद्दाम छळणारे. निरीक्षक मागे बसून उद्दीपन बदल (शिकवताना आवाज, हालचाल बदलत राहणं) या खान्यात खुणा करतात. आम्ही त्याला 'सूक्ष्म' म्हणायचो. 'तुझे किती सूक्ष्म राहिले?'

अबचौ_आयडॉल

एवढे विद्वान जमले आणि मायक्रो झेरॉक्स कुणालाच आठवेना? अप्पा बळवंत चौकात पुस्तकं घेतलेली सगळी मंडळी सभ्य होती वाटतं. गाइडचं पान दाबून दाबून काडेपेटीएवढं करायचं, घड्या घालून बाहीत. त्यालाच नुसतं 'मायक्रो' म्हणायचे. 'मायक्रो आणलेत का?' परीक्षेच्या काळात केंद्राजवळची झेरॉक्सची दुकानं बंद ठेवायला लावतात, ती उगीच नाही. माझ्या ओळखीतल्या एकानं (मी नाही) इतकी बारीक काढली की पेपरात त्यालाच वाचता येईना.

दप्तरखाना

याच उद्योगाला इतिहासात मोठी प्रतिष्ठा आहे, मायक्रोफिल्म. १८७०-७१ मध्ये पॅरिसला प्रशियाच्या फौजेचा वेढा पडला, तेव्हा द्राग्रों नावाच्या छायाचित्रकारानं निरोपांची पानं इवल्याशा फिल्मवर उतरवली आणि ती कबुतरांच्या शेपटीला बांधून शहरात पोचवली. आत पडद्यावर मोठी करून उतरवून घ्यायचे.

लहरी_माणूस

द्राग्रों नव्हे, दाग्रों. रने दाग्रों.

दप्तरखाना

दाग्रोंच. हस्तलिखितांवर काम करणाऱ्यांना पुढे कित्येक वर्षं फिल्मच बघावी लागायची. यंत्रासमोर मान वाकडी करून रीळ फिरवायचं, हवं ते पान पुढे निघून जायचं, परत उलटं फिरवायचं. मोडीचा फर्राटा फिल्मवर वाचून ज्यानं डोळे फोडून घेतलेत त्याला बाहीतल्या मायक्रोचं काय कौतुक.

मिनीबस_थांबा

मिनीचं कुणी बोललं नाही. मिनी आला मिनिएचरवरून, आणि मिनिएचरचा लहानपणाशी मुळात संबंधच नव्हता. लॅटिनमध्ये 'मिनियम' म्हणजे शिसाचा तांबडा रंग, शेंदूर. हस्तलिखितात त्या रंगानं अक्षरं आणि चित्रं रंगवायची ती मिनिएचर. पोथीतली चित्रं लहान असायची, शिवाय मिनिमम, मायनर हे आवाजाला जवळचे, म्हणून लोकांनी लहान असा अर्थ लावला. म्हणजे मिनीबसच्या नावात मुळात शेंदूर आहे.

सदाशिवीण

आणि आत चढलात तर माणसंही पोथीतल्यासारखी एकावर एक.

सिम_सिम

मापाचा नाही हे पटलं. मायक्रो सिम १५ बाय १२ मिलिमीटर, नॅनो सिम १२.३ बाय ८.८. नॅनो म्हणजे मायक्रोचा हजारावा भाग असता तर सिम बदलताना दुकानदाराला नमुना_नंबर_१७ ताईंची लॅब गाठावी लागली असती. आणि नॅनो गाडी तीन मीटरच्या वर लांब होती.

पाषाणकर

पण सगळीकडे सैल नाही हं. पीएम २.५ म्हणजे हवेतले २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कण, त्यात सूट नाही. आमच्या पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेची 'सफर' यंत्रणा तेच मोजते. प्लॅस्टिकच्या पिशव्यांचंही तसंच. आधी ५० मायक्रॉन, २०२१ च्या सप्टेंबरअखेर ७५, आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२०. त्याहून पातळ पिशवी चालत नाही. मंडईत मात्र या शब्दाचं काहीतरी भलतंच झालंय. 'घ्या ताई, मायक्रॉनची आहे' म्हणतात. किती मायक्रॉनची, ते नाही. मायक्रॉन असला की पावन.

भोसरी_नाईटशिफ्ट

उद्या मायक्रोमीटर घेऊन येतो मंडईत. पण पिशवी मोजायला रॅचेट (मायक्रोमीटरच्या टोकाची फिरकी) हळू फिरवावं लागतं, नाहीतर ती दबते आणि बिचाऱ्याची चांगली पिशवी नापास होते.

ढोल_विरोधी_मंच

मायक्रोफोन राहिला. १८७८ मध्ये ह्यूज यांनी कार्बनचा मायक्रोफोन दाखवला तेव्हा अपूर्वाई कशाची होती, तर किड्याच्या चालण्याचा आवाजसुद्धा ऐकू येतो याची. मायक्रोस्कोप डोळ्याला, तसा हा कानाला, म्हणून ते नाव. आणि आता आमच्या गल्लीच्या तोंडाशी मांडवात रात्री दहाला पाच मिनिटं कमी असताना 'हॅलो हॅलो, माइक टेस्टिंग' होतं. किड्यांनी स्थलांतर केलंय.

चकली_मोडली

आयडी बघूनच कळलं होतं पोस्ट कुठे जाणार.

शनिवारपेठी (धागाकर्ता)

मूळ मुद्द्यावर येतो. अंजीरवाडी यांचं उदाहरण माझ्या व्याख्येत बसत नाही, आणि मला तेच सगळ्यात आवडलं. बोरॉन आधीच्यापेक्षा लहान नाही, ते लागतंच थोडं. मग दाग्रोंच्या फिल्ममध्ये मोठं होतं ते लहान केलंय, ह्यूजच्या माइकमध्ये लहान होतं ते मोठं केलंय. एकाच उपसर्गात उलटसुलट दोन्ही कामं! 'आधीपेक्षा लहान' हे लहरी, पेशी आणि सिमकार्डापुरतं खरं धरतो, बाकीच्यांना वेगळं काही सुचत असेल तर बोला.

भोसरी_नाईटशिफ्ट

सुचत काही नाही, पण एक दाखला देतो. आमच्या मालकांचा कारखाना 'सूक्ष्म उद्योग' म्हणून नोंदलेला आहे. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्मची मर्यादा अशी: यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि वर्षाला १० कोटींपर्यंत उलाढाल. त्याच्या आधी १ कोटी आणि ५ कोटी होती. म्हणजे उद्योग होता तेवढाच राहिला तरी सूक्ष्म होतो. इथं आधीपेक्षा लहान काहीच नाही, मोजपट्टी वाढली.

गुंजभर

१० कोटींना सूक्ष्म! आमच्या गुंजेनं काय तोंड दाखवावं.

लघुत्तम

मालकांना सांगा, पगारवाढ मायक्रोसेकंदात करून टाका.

भोसरी_नाईटशिफ्ट

वाढ मायक्रॉनमध्येच असते, तेवढी खात्री आहे.

गोळी_विसरले

अर्धा_चहा, अवांतर, पण आमचा हॉलचा पंखा सकाळपासून नुसता गुरगुरतोय, हातानं ढकलला की फिरतो. कंडेन्सरच ना? अडीचचा लिहिलाय, इथल्या दुकानात तीनचा मिळतोय.

अर्धा_चहा

हातानं ढकलल्यावर फिरतो म्हणजे कंडेन्सरच. तीनचा नको, वाइंडिंग तापतं. अडीचचाच आणा, आणि बसवायच्या आधी मेन स्विच बंद करा.